सूत्र, भाष्य आणि अर्थाची मर्यादा : पुंजसिद्धांताचे वाचन

१

साहित्यसमीक्षेच्या परिभाषेत भौतिकशास्त्रातून जे शब्द आले, त्यांत 'अनिश्चितता', 'पूरकता' आणि 'निरीक्षक' हे तीन शब्द विशेष रुळले. संहितेला एकच एक अर्थ नसतो, वाचक संहिता घडवतो, परस्परविरोधी अर्थ एकाच वेळी ग्राह्य असू शकतात, ही विधाने समीक्षेने स्वतःच्या बळावरही मांडली आहेत. तथापि त्यांच्या समर्थनार्थ पुंजसिद्धांताचा, म्हणजे क्वांटम सिद्धांताचा, हवाला देण्याची एक रीत पडून गेली आहे. निसर्गाविषयीचे सर्वांत काटेकोर शास्त्रच जर अनिश्चिततेची कबुली देते, तर साहित्यकृतीच्या अर्थाबाबत निश्चितीचा आग्रह कशासाठी, असा या युक्तिवादाचा एकूण सूर असतो.

या रीतीची सर्वांत गाजलेली फजिती १९९६ साली झाली. अ‍ॅलन सोकल या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने 'सोशल टेक्स्ट' या नियतकालिकात पुंज गुरुत्वाकर्षणाच्या 'अर्थमीमांसे'वर एक भारदस्त लेख छापून आणला आणि लगोलग दुसरीकडे जाहीर केले, की तो लेख हेतुपुरस्सर रचलेले विडंबन होते. त्यानंतर जो वाद झाला त्यात समीक्षकांचे अज्ञान हाच चर्चेचा मुख्य विषय राहिला. परंतु विज्ञानेतिहासकार मारा बेलर हिने १९९८ साली दाखवून दिले, की ज्या प्रकारच्या विधानांची टवाळी झाली तशी विधाने बोर, हायझेनबर्ग, पाउली यांच्या तात्त्विक लेखनात मुबलक सापडतात. पूरकतेचे तत्त्व जीवशास्त्र, मानसशास्त्र आणि मानवी संस्कृती यांना लागू करण्याचा खटाटोप नील्स बोरने स्वतःच केला होता. तेव्हा उसनवारीचा दोष केवळ घेणाऱ्याच्या माथी मारता येत नाही. देणाऱ्यांनीही शब्द सढळ हाताने वाटले होते.

म्हणून समीक्षेने भौतिकशास्त्राकडून काही घ्यावे की नाही, हा खरा प्रश्न नाही. काय घ्यावे, हा प्रश्न आहे. पुंजसिद्धांताचे शब्द समीक्षेला फारसे उपयोगी नाहीत. त्या सिद्धांताच्या वाचनाचा इतिहास मात्र अत्यंत उपयोगी आहे. एक गणिती संहिता, तिची परस्परांशी न जुळणारी अनेक भाष्ये, त्यांतील एका भाष्याला लाभलेले अधिकृततेचे वलय, त्या वलयाला बसलेला छेद आणि सरतेशेवटी अनेकार्थतेलाच लागलेली मर्यादा, अशी ती कथा आहे. अर्थनिर्णयनाचे स्वातंत्र्य कोठवर जाते, या समीक्षेच्या नित्याच्या प्रश्नाचे इतके रेखीव उदाहरण क्वचितच आढळेल.

२

प्रथम 'अनिश्चितता' या शब्दाचाच विचार करावा लागेल. १९२७ साली हायझेनबर्गने आपला प्रसिद्ध निबंध जर्मनमध्ये लिहिला, तेव्हा निबंधाच्या मुख्य भागात त्याने जो शब्द वापरला त्याचा अर्थ 'अचूकतेचा अभाव' असा होतो. निबंधाच्या शेवटी जोडलेल्या टिपेत 'खात्री नसणे' या अर्थाचा शब्द येतो. पुढील लेखनात त्याने 'अनिर्धारितता' या अर्थाचा तिसराच शब्द पसंत केला. या तीन शब्दांत तीन वेगळ्या भूमिका दडलेल्या आहेत. अचूकतेचा अभाव मोजमापाचा असतो. खात्री नसणे ही जाणणाऱ्याची अवस्था असते. अनिर्धारितता वस्तूच्याच स्वरूपात असते. इंग्रजीतून जगभर पसरला तो दुसऱ्या छटेचा शब्द. मराठीतील 'अनिश्चितता' तर तिन्ही छटा पोटात घेते. पावसाची अनिश्चितता, मनाची अनिश्चितता आणि इलेक्ट्रॉनच्या स्थानाची अनिश्चितता ही आपण एकाच शब्दाने व्यक्त करतो आणि त्यामुळे एका संदर्भातून दुसऱ्या संदर्भात जाताना पाऊल घसरल्याचे लक्षातही येत नाही.

ही घसरण थांबवते ते गणित. हायझेनबर्गने १९२५ साली जी मांडणी केली तिच्यात स्थान आणि संवेग या राशींसाठी संख्यांऐवजी संख्यांचे कोष्टकवजा समूह वापरले होते. हे समूह म्हणजे गणितातील आव्यूह होत, हे माक्स बॉर्नने ओळखले आणि त्याने पास्कुअल योर्डानच्या साहाय्याने त्या मांडणीला नियमबद्ध रूप दिले. आव्यूहांच्या गुणाकारात क्रमाला महत्त्व असते. एखादे पुस्तक आधी उभ्या अक्षाभोवती आणि मग आडव्या अक्षाभोवती काटकोनात फिरवले, तर ते ज्या स्थितीत येते ती स्थिती क्रम उलटल्यास येत नाही. तसेच येथे घडते. स्थानाला संवेगाने गुणणे आणि संवेगाला स्थानाने गुणणे यांतील फरक शून्य नसतो. तो प्लांकच्या स्थिरांकावरून ठरतो. या एका विधानातून अनिश्चिततेचे सूत्र निघते. केनार्डने १९२७ साली ते सिद्ध केले : एकाच अवस्थेत सिद्ध केलेल्या अनेक कणांपैकी काहींचे स्थान आणि काहींचा संवेग मोजला, तर त्या दोन्ही मापनांच्या प्रमाण विचलनांचा गुणाकार प्लांकच्या लघुकृत स्थिरांकाच्या निम्म्याहून कमी कधीच भरत नाही. रॉबर्टसनने १९२९ साली हा निष्कर्ष क्रमसापेक्ष अशा कोणत्याही दोन राशींना लागू केला.

या सूत्रात मोजणाऱ्याच्या धसमुसळेपणाचा उल्लेख नाही, त्याच्या मनाचाही नाही. 'मोजायला गेले की वस्तू बिघडते' हे स्पष्टीकरण हायझेनबर्गच्या सूक्ष्मदर्शकाच्या काल्पनिक प्रयोगातून लोकप्रिय झाले. पण त्या प्रयोगाच्या विवेचनातील उणीव बोरने तेव्हाच दाखवली होती आणि निबंधाच्या अखेरच्या टिपेत हायझेनबर्गला ती नोंदवावी लागली. मोजमापाने होणारा अडथळा हा एक स्वतंत्र प्रश्न आहे. त्याचे सूत्र कोणते असावे यावर ओझावाच्या २००३ सालच्या मांडणीनंतर नव्याने वाद झाला. केनार्ड-रॉबर्टसन सूत्र अवस्थेविषयी बोलते. आणि अवस्था ही संदिग्ध गोष्ट नव्हे. श्रोडिंगरच्या १९२६ सालच्या समीकरणानुसार आजच्या अवस्थेवरून उद्याची अवस्था काटेकोरपणे ठरते. संभाव्यता येते ती त्या अवस्थेपासून मापनाच्या फलापर्यंत जाताना, आणि तीही बॉर्नच्या नेमक्या नियमाने. याच गणितावर उभारलेल्या सिद्धांताने काढलेले इलेक्ट्रॉनच्या चुंबकीय परिबलाचे मूल्य प्रयोगाशी सुमारे एक लाख कोटीत एक भाग इतक्या सूक्ष्मतेने जुळते. असा सिद्धांत 'सर्व काही धूसर आहे' या विधानाचा साक्षीदार म्हणून उभा करणे, म्हणजे साक्षीदाराचे नाव घेऊन त्याची जबानी मात्र न वाचणे होय.

'निरीक्षक' या शब्दाचीही हीच कथा. योहान फॉन नॉयमानने १९३२ साली दाखवले, की मापन करणारे आणि ज्याचे मापन होते ते, यांच्यामधील सीमारेषा गणिताला धक्का न लावता मागेपुढे सरकवता येते : उपकरणापाशी, डोळ्यापाशी किंवा त्याही पलीकडे. लंडन आणि बावर यांनी १९३९ साली आणि विग्नरने १९६१ साली ही रेषा जाणिवेपर्यंत नेली. गणिताने यास मुभा दिली होती, आज्ञा दिली नव्हती. १९७० सालानंतर त्से आणि त्सुरेक यांच्या संशोधनातून असे स्पष्ट झाले, की हवेचे रेणू, प्रकाशाचे कण, सभोवतालची उष्णता हेही इलेक्ट्रॉनच्या अवस्थेतील व्यतिकरण पुसून टाकण्यास पुरेसे असतात. त्यासाठी कोणी पाहत असण्याची गरज नाही. 'वाचक संहिता घडवतो' हे तत्त्व कदाचित खरे असेल, परंतु त्याला येथून आधार मिळत नाही.

३

मग येथून काय मिळते? त्यासाठी पुंजसिद्धांताकडे संहिता म्हणून पाहावे लागेल. फॉन नॉयमानच्या ग्रंथात या संहितेला जे रूप आले ते थोडक्यात असे. भौतिक व्यवस्थेची अवस्था म्हणजे हिल्बर्ट अवकाशातील एक सदिश. मोजता येणारी प्रत्येक राशी म्हणजे त्या अवकाशातील एक कारक. मापन होत नसताना अवस्था श्रोडिंगरच्या समीकरणाने बदलते. मापनाच्या फलांची संभाव्यता बॉर्नच्या नियमाने मिळते. आणि मापन झाले, की अवस्था मिळालेल्या फलाशी सुसंगत अशा सदिशावर एकदम जाऊन बसते. ही पाच सूत्रे. त्यांचा उपयोग कसा करायचा याविषयी भौतिकशास्त्रज्ञांत मतभेद नाहीत; त्यांचा अर्थ काय याविषयी शंभर वर्षांत एकमत झालेले नाही.

एका सूत्रग्रंथावर परस्परविरोधी भाष्ये असणे ही भारतीय वाचकाला नवलाची गोष्ट नाही. ब्रह्मसूत्रे तीच, पण शंकर, रामानुज आणि मध्व यांनी त्यांतून अद्वैत, विशिष्टाद्वैत आणि द्वैत अशी भिन्न दर्शने काढली. मात्र पुंजसिद्धांताच्या बाबतीत 'भाष्य' हा शब्द सरसकट वापरणे बरोबर होणार नाही. पाठचिकित्सेची सवय असलेला वाचक तीन गोष्टी वेगळ्या करील : मूळ पाठ कायम ठेवून केलेले भाष्य, पाठात नव्या ओळींची घातलेली भर म्हणजे प्रक्षेप, आणि मूळ ओळच बदलणारा पाठभेद.

बोरची भूमिका ही या अर्थाने शुद्ध भाष्य होय. तो पाचही सूत्रे जशीच्या तशी ठेवतो आणि म्हणतो, की ती वस्तूचे वर्णन म्हणून वाचू नयेत. वस्तू आणि प्रयोगाची मांडणी यांच्या अखंड अशा घटिताविषयीची विधाने म्हणून वाचावीत. स्थान मोजणारी मांडणी आणि संवेग मोजणारी मांडणी एकाच वेळी उभी करता येत नाही, पण दोन्हींवाचून माहिती पुरी होत नाही; हीच १९२७ साली कोमो येथील व्याख्यानात मांडलेली पूरकता. ह्यू एव्हरेटने १९५७ साली पाचवे सूत्र वगळले आणि उरलेल्या संहितेला पूर्ण मानले. मग मापनाची सर्व फले अवस्थेच्या निरनिराळ्या शाखांत घडतात असे म्हणावे लागते. डेव्हिड बोमने १९५२ साली पाठात भर घातली : प्रत्येक कणाला सदैव निश्चित स्थान असते आणि तरंगफलन त्याला मार्ग दाखवते. गिरार्दी, रिमिनी आणि वेबर यांनी १९८६ साली तिसरे सूत्रच किंचित बदलले. त्यांच्या मते अवस्था मधूनमधून आपोआप कोसळते. हा पाठभेद आहे, आणि म्हणून प्रयोगाने त्याची परीक्षा होऊ शकते. 'अन्वयार्थ' या एका नावाखाली या चारही गोष्टी कोंबल्या, की त्यांच्यात निवड करणे हा केवळ रुचीचा प्रश्न आहे असे वाटू लागते. तसे ते नाही. कोणी संहितेला काय केले, हे आधी पाहावे लागते.

'कोपनहेगन अन्वयार्थ' हे एकसंध भासणारे नावही नंतरचे आहे. ते रूढ झाले १९५५ सालच्या सुमारास, हायझेनबर्गच्या लेखनातून, म्हणजे बोमसारख्यांचे पर्याय पुढे आल्यानंतर. बोर, हायझेनबर्ग, पाउली आणि बॉर्न यांच्यात १९२७ साली जे मतभेद होते ते या नावाने झाकले गेले. परंपरा पुष्कळदा अशाच, आव्हान आल्यावर, मागे वळून घडवल्या जातात.

४

या परंपरेला सर्वांत मोठा आधार एका सिद्धतेने दिला. फॉन नॉयमानने आपल्या १९३२ सालच्या ग्रंथात असे सिद्ध केले होते, की पुंजयामिकीच्या संख्याशास्त्रीय निष्कर्षांच्या मुळाशी 'गुप्त चले' मानता येणार नाहीत. म्हणजे प्रत्येक राशीला आधीपासून निश्चित मूल्य असते, आपल्याला ते ठाऊक नसते इतकेच, असे म्हणता येणार नाही. फॉन नॉयमानची गणितज्ञ म्हणून असलेली कीर्ती आणि ग्रंथाचा काटेकोरपणा यांमुळे हा निष्कर्ष दोन-तीन दशके अंतिम मानला गेला. अनेकांनी तो मुळातून वाचलाही नव्हता. ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद १९५५ साली आला. जॉन बेलला या सिद्धतेची पहिली ओळख झाली ती बॉर्नच्या पुस्तकातील उल्लेखातून.

ही सिद्धता एका गृहीतकावर उभी आहे. दोन राशींच्या बेरजेचे सरासरी मूल्य हे त्यांच्या सरासरी मूल्यांच्या बेरजेइतके असते, असे ते गृहीतक. पुंजयामिकीच्या अवस्थांसाठी ते खरे आहे. फॉन नॉयमानने ते गुप्त मूल्ये धारण करणाऱ्या काल्पनिक अवस्थांनाही लावले, आणि अडचण तेथे आहे. इलेक्ट्रॉनच्या परिवलनाचे दोन परस्परलंब दिशांतील घटक घ्यावेत. योग्य एककात त्या प्रत्येकाचे मोजलेले मूल्य धन १ किंवा ऋण १ येते. त्या दोन घटकांची बेरीज दाखवणाऱ्या कारकाचे मूल्य मात्र धन किंवा ऋण २ चे वर्गमूळ, म्हणजे सुमारे १.४१ येते. दोन संख्या धन किंवा ऋण १ असतील तर त्यांची बेरीज २, ० किंवा ऋण २ होईल, १.४१ कधीच होणार नाही. पण ती तशी व्हावी हा आग्रह कशासाठी? बेरजेचे मापन करायचे तर उपकरण पंचेचाळीस अंशांच्या तिसऱ्याच दिशेत ठेवावे लागते. ते तिसरे मापन आहे. पहिल्या दोन मापनांच्या फलांची कागदावर केलेली बेरीज नव्हे. एकेका अवस्थेसाठी ही बेरीज जुळावी असे मानणे, म्हणजे जे सिद्ध करायचे त्यातील बराचसा भाग आधीच मान्य करणे होय.

हा आक्षेप ग्रेटे हर्मन हिने १९३५ साली छापून प्रसिद्ध केला होता. हर्मन ही ग्योटिंगेन येथे एमी नोएथरची विद्यार्थिनी. गणितात डॉक्टरेट मिळवून ती तत्त्वज्ञानाकडे वळली आणि कांटच्या कार्यकारणविचाराचा पुंजयामिकीशी मेळ बसतो का हे तपासण्यासाठी लाइपझिगला जाऊन हायझेनबर्ग व त्याच्या सहकाऱ्यांशी चर्चा करती झाली. तिचा दीर्घ निबंध फ्रीस-पंथीय तत्त्वज्ञांच्या नियतकालिकात आला. भौतिकशास्त्रज्ञांसाठी तिने जो संक्षेप प्रसिद्ध केला त्यात फॉन नॉयमानवरील टीका नव्हती. नाझीविरोधी समाजवादी कार्यामुळे तिला लवकरच देश सोडावा लागला. तिच्या त्या पानांकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले गेले ते माक्स यामरच्या १९७४ सालच्या इतिहासग्रंथामुळे. तोवर तोच आक्षेप बेलने स्वतंत्रपणे मांडून झाला होता.

या उपेक्षेचे कारण केवळ तिचे स्त्री असणे, किंवा केवळ नियतकालिकाचा आडमार्ग, किंवा केवळ फॉन नॉयमानचा दबदबा, असे एका वाक्यात सांगणे सोपे आहे. पण ते पुरेसे नाही. हर्मनला स्वतःला गुप्त चले नकोच होती. मापनाचे फल लागल्यानंतर मागे वळून पाहिले तर पुंजयामिकीत कार्यकारणसंबंध आधीच पूर्ण आहे, त्यामुळे नव्या चलांचा शोध निरर्थक आहे, असा तिचा निष्कर्ष होता. तिने विरोधकाची सिद्धता मोडली, पण तिच्या आड जे दार होते ते उघडण्याचे तिला कारण नव्हते. एखादे वाचन उपेक्षित राहते ते पुष्कळदा यामुळे, की त्या वाचनाचा उपयोग होईल असा प्रश्न तोवर कोणी विचारलेला नसतो. तो प्रश्न बोमने १९५२ साली उभा केला. जे अशक्य म्हणून सिद्ध झाले होते त्याचा नमुनाच त्याने पुढे ठेवला. तेव्हा सिद्धतेत कोठेतरी उणीव असलीच पाहिजे, हे बेलला उमगले. त्याचा उणीव दाखवणारा लेख १९६४ साली लिहून झाला होता. संपादकीय घोटाळ्यामुळे तो १९६६ साली प्रसिद्ध झाला.

प्रकरण येथेही मिटत नाही. जेफ्री बब याने २०१० साली असा दावा केला, की फॉन नॉयमानवरचा हा दोषारोपच चुकीच्या वाचनातून आलेला आहे : कारकांची रचना कायम ठेवून गुप्त चले आणता येणार नाहीत, इतकेच त्याला म्हणायचे होते. मर्मिन आणि शाक यांनी २०१८ साली त्याला उत्तर दिले. म्हणजे गणिती सिद्धतेचेही 'नेमके काय सिद्ध झाले' हे वाचनानेच ठरते. परंतु या वादातील दोन्ही पक्ष एका गोष्टीवर सहमत आहेत : उत्तर फॉन नॉयमानच्या ओळी आणि त्याची गृहीतके यांतच शोधायचे. वाचनाचा वाद आहे म्हणून वाचन ऐच्छिक ठरत नाही.

५

अनेकार्थतेला मर्यादा कोठे पडते, हे बेलच्या १९६४ सालच्या दुसऱ्या लेखाने दाखवले. त्याची आज प्रचलित असलेली मांडणी क्लॉझर, हॉर्न, शिमोनी आणि होल्ट यांनी १९६९ साली केली, आणि तिला शालेय बीजगणिताहून अधिक काही लागत नाही. एकाच उगमातून निघालेले दोन कण दूर असलेल्या दोन प्रयोगशाळांत जातात. पहिल्या ठिकाणी दोन दिशांपैकी एकीत मापन करता येते. त्यांची फले अ१ आणि अ२ मानू. दुसऱ्या ठिकाणची फले ब१ आणि ब२. प्रत्येक फल धन १ किंवा ऋण १. आता असे समजावे, की ही चारही मूल्ये आधीपासून ठरलेली आहेत आणि एका ठिकाणची निवड दुसऱ्या ठिकाणच्या फलावर परिणाम करत नाही. मग अ१ (ब१ + ब२) + अ२ (ब१ − ब२) ही राशी पाहावी. ब१ आणि ब२ समान असतील तर दुसरा कंस शून्य, नसतील तर पहिला शून्य. उरलेला कंस धन किंवा ऋण २. म्हणजे या राशीची सरासरी २ पेक्षा अधिक होऊच शकत नाही. पुंजयामिकी मात्र योग्य दिशा निवडल्यास २ च्या वर्गमूळाच्या दुप्पट, म्हणजे सुमारे २.८३, असे उत्तर देते.

फ्रीडमन आणि क्लॉझर यांनी १९७२ साली, आस्पे आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९८१-८२ साली असे प्रयोग केले. २०१५ साली डेल्फ्ट, व्हिएन्ना आणि बोल्डर येथील प्रयोगांनी पूर्वीच्या प्रयोगांतील मुख्य पळवाटा एकाच वेळी बुजवल्या. डेल्फ्टच्या प्रयोगात दोन ठिकाणांमधील अंतर १.३ किलोमीटर होते. निकाल पुंजयामिकीच्या बाजूने लागला. आस्पे, क्लॉझर आणि त्सायलिंगर यांना २०२२ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले ते या परंपरेतील कार्यासाठी.

या निकालाचा अर्थ कसा लावायचा? बोमचे भाष्य त्यातून बाद झाले नाही. त्याला फक्त हे उघडपणे पत्करावे लागते, की दूर असलेल्या कणांचे वर्तन एकमेकांवर तत्क्षणी अवलंबून असते. एव्हरेटचेही बाद झाले नाही. मापनाला एकच फल असते हे गृहीतक त्याने आधीच सोडलेले आहे. बोरचेही नाही, न केलेल्या मापनाच्या फलाविषयी बोलायलाच तो नकार देतो. पुंजयामिकीहून वेगळे काहीही न मानता ठरलेली मूल्ये, स्थानिक परिणाम, एकच फल आणि मापनाची मुक्त निवड हे सर्व एकत्र राखू पाहणारे सहजबुद्धीचे वाचन मात्र कायमचे बाद झाले. आइन्स्टाइन, पोडोल्स्की आणि रोझेन यांच्या १९३५ सालच्या निबंधात ज्याची आशा होती, ते हेच वाचन. अनेक अर्थ उभे राहिले. सर्व अर्थ उभे राहिले नाहीत. आणि जे उभे राहिले त्या प्रत्येकाला आपण कोणते गृहीतक सोडले हे सांगणे भाग पडले.

६

येथे साहित्याच्या आणि समीक्षेच्या हक्कांत फरक करावा लागतो. जयंत नारळीकर यांच्या 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेतील इतिहासाचे प्राध्यापक अशा जगात जाऊन येतात, जेथे पानिपतचे युद्ध मराठ्यांनी जिंकले आहे. परतताना त्यांच्या खिशात त्या जगातील बखरीचे एक फाटके पान राहून जाते. या अनुभवाचे स्पष्टीकरण देताना कथेत उत्पातसिद्धांताबरोबर पुंजसिद्धांतातील नियततेच्या अभावाचा आधार घेतला आहे. एव्हरेटच्या शाखांचा विचार केला, तर सिद्धांताला अमान्य असे नेमके एक पाऊल या कथेत आहे, आणि ते म्हणजे ते पान. श्रोडिंगरचे समीकरण रेषीय असल्यामुळे एका शाखेतील मजकूर दुसऱ्या शाखेत नेता येत नाही. पण त्या पानाशिवाय कथा उभी राहत नाही. इतिहासकाराला कागदाचा पुरावा हवा असतो, आणि पुरावा हातात असूनही तो कोणाला पटवता येऊ नये, यात तिचा रस आहे. साहित्याने विज्ञानाचा नियम कोठे ओलांडावा हे साहित्याच्या गरजेने ठरते, आणि येथे ते नेमक्या जागी ओलांडलेले आहे. विज्ञानाला साक्षीस बोलावणाऱ्या समीक्षेला ही सवलत नाही. तिचा आधारच मुळी त्या नियमाच्या खरेपणावर असतो.

ब्रह्मसूत्रांशी केलेली तुलनाही येथपर्यंतच नेता येते. भाष्यकारांच्या वादाचा निर्णय करणारा प्रयोग तेथे नाही, आणि कवितेच्या बाबतीतही नाही. कोणत्याही कवितेसाठी २ आणि २.८३ यांच्यातला फरक मोजता येणार नाही. त्यामुळे बेलच्या प्रमेयातून समीक्षेसाठी एखादा नियम काढू पाहणे म्हणजे जुनीच चूक नव्या शब्दांनी करणे ठरेल. घेण्यासारखी आहे ती वाचनाची शिस्त. संहितेचे भाष्य चालले आहे, तिच्यात भर घातली जात आहे की तिच्या ओळी बदलल्या जात आहेत, हे आधी ओळखावे. एखादा निष्कर्ष अंतिम म्हणून सांगितला जात असेल तर तो कोणत्या गृहीतकावर उभा आहे ते मूळ पानावर जाऊन पाहावे, मग ते पान फॉन नॉयमानचे का असेना. आणि आपले वाचन ग्राह्य ठरावे म्हणून आपण काय सोडून दिले, हे स्पष्ट सांगावे.

संहितेच्या अनेकार्थतेवर विश्वास असणाऱ्या समीक्षेला ही शिस्त जाचक वाटण्याचे कारण नाही. पुंजसिद्धांताच्या इतिहासात अनेक अर्थांना जागा मिळाली ती 'सगळेच अनिश्चित आहे' असे म्हणणाऱ्यांमुळे नव्हे. एका प्रतिष्ठित सिद्धतेतील एक ओळ काळजीपूर्वक वाचून, ती ओळ मानलीच पाहिजे असे नाही, हे दाखवणाऱ्यांमुळे ती मिळाली. बंद झालेला अर्थ पुन्हा उघडण्याचे सामर्थ्य हर्मनच्या त्या थोड्या पानांत होते. ती पाने वेळेवर वाचली गेली असती, तर बोमच्या नमुन्याला सतरा वर्षे आणि बेलच्या प्रश्नाला जवळजवळ तीस वर्षे थांबावे लागले असते का, हे सांगता येत नाही. ती पाने छापलेली होती, एवढे मात्र सांगता येते.